गोळीची बॅच परत बोलावली, तर घरात काय करायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या सिरपबद्दल इशारा काढला. त्यात औषधाचं नाव होतं, तमिळनाडूतल्या उत्पादकाचं नाव होतं आणि एक ओळ होती: बॅच क्रमांक एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. तोवर मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या परिसरात मुलं दगावली होती. त्यातली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन सापडलं होतं.

घरातल्या माणसाच्या कामाची असते ती बॅचची ओळ. परत बोलावली जाते ती बहुतेक वेळा एखादी बॅच, म्हणजे एका वेळी एका मिश्रणातून तयार झालेला माल. नाव तेच, कंपनी तीच, पण तुमच्या पट्टीवरचा क्रमांक वेगळा असेल तर तो इशारा तुमच्या पट्टीबद्दल नसतो. हे लक्षात न घेतल्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणी व्हॉट्सॲपवर नाव वाचून बीपीची गोळी बंद करून टाकतं, तर कुणी 'आपली कंपनी मोठी आहे' म्हणून पट्टी उलटून बघतही नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडे औषध परत बोलावलं की रुग्णाला पत्र किंवा फोन येत नाही. सूचना कंपनीकडून घाऊक विक्रेत्याला आणि तिथून मेडिकलला जाते. बहुतेक प्रकरणांत साखळी तिथेच थांबते. तुमच्या घरात आलेली पट्टी शोधायचं काम तुमचंच असतं.

बॅच क्रमांक कसा वाचायचा

पट्टी उलटी करा. ॲल्युमिनियमच्या बाजूला, बहुतेकदा एका टोकाशी, बॅच, उत्पादनाचा महिना, मुदतीचा महिना आणि किंमत असते. ही अक्षरं बाकीच्या छपाईबरोबर आलेली नसतात, ती पॅकिंगच्या वेळी वेगळी उमटवतात. त्यामुळे ती पुसट असतात, कधी शाई नसून नुसती दाबलेली असतात. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च पट्टीला जवळजवळ आडवा धरा. प्रकाश तिरका पडला की दाबलेल्या अक्षरांना सावली येते आणि ती उठून दिसतात. त्याच स्थितीत फोटो काढून ठेवा.

वाचताना ठराविक गल्लती होतात. शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि 'आय', आठ आणि 'बी' एकमेकांसारखे दिसतात. नापास औषधांच्या सरकारी यादीत (ती कुठे असते ते पुढे आहे) तंतोतंत जुळत नसेल, पण जवळचं काही असेल, तर उत्पादनाचा आणि मुदतीचा महिना जुळवून बघा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती तुमची बॅच. जवळच छापलेला लांबलचक, तिरप्या रेघा असलेला क्रमांक उत्पादन परवान्याचा असतो. तो बॅच म्हणून शोधला तर काहीच सापडणार नाही आणि आपलं औषध ठीक आहे असा खोटा दिलासा मिळेल.

खरी अडचण सुट्या गोळ्यांची. दहाच्या पट्टीतून चार गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कोऱ्या टोकाकडून कापतो, कारण बॅच आणि मुदतीचं टोक दुकानात शेवटपर्यंत राहायला हवं. दुकानाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तुमच्या हातात मात्र नुसती नावाची अर्धी अक्षरं असलेला तुकडा येतो. त्याला उपाय बिल. औषधाच्या बिलावर बॅच आणि एक्सपायरीचे रकाने असतात. ते भरलेले आहेत का हे काउंटरवरच बघा. हाताने लिहिलेलं बिल असेल तर बॅच लिहून मागा. कायम चालणाऱ्या गोळ्या शक्यतो पूर्ण पट्टीच घ्या.

आजी-आजोबांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून पट्ट्या लगेच कचऱ्यात टाकण्याची पद्धत असेल तर ती बदला. रिकाम्या पट्टीचं बॅचचं टोक कापून बिलासोबत एका पाकिटात टाका आणि निदान सहा महिने ठेवा. इशारा येतो तेव्हा ती बॅच अनेकदा खाऊन संपलेली असते. तरीही ती आपण घेतली होती का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना सांगता यायला हवं.

आता खोक्यावरचं नाव. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' या दोन वेगळ्या ओळी असतात. जाहिरातीतून माहीत असलेली कंपनी पुष्कळदा फक्त विकते. गोळी तयार होते हिमाचलातल्या बद्दीला, उत्तराखंडात हरिद्वारला किंवा सिक्कीममध्ये, दुसऱ्याच कारखान्यात. सरकारी यादीत नाव येतं ते बहुधा या उत्पादकाचं. म्हणून यादीत फक्त ओळखीची कंपनी शोधत बसू नका.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. स्कॅन केलं की औषधाचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादन आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक हे दिसायला हवं. पट्टीवरची बॅच आणि कोडमधली बॅच वेगळी निघाली तर ते गंभीर आहे. त्या गोळ्या घेऊ नका आणि सरळ तक्रार करा. मात्र कोड जुळला म्हणजे माल शुद्ध असं होत नाही. परत बोलावलेल्या बॅचचा कोडही व्यवस्थितच जुळतो.

यादी कुठे असते आणि ती कशी शोधायची

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, दर महिन्याला नमुना चाचण्यांत नापास झालेल्या औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर 'अलर्ट्स' या भागात टाकते. केंद्राच्या आणि राज्यांच्या प्रयोगशाळांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. दोन्ही उघडा. बहुतेक लोक पहिलीच बघून बंद करतात. प्रत्येक ओळीत औषध, बॅच, उत्पादन-मुदत, उत्पादक, नापास होण्याचं कारण आणि कोणत्या प्रयोगशाळेने तपासलं ते असतं.

फाइल उघडून शोधपेटीत बॅच क्रमांकाचे शेवटचे तीन-चार आकडे टाका. पूर्ण क्रमांक टाकला तर मधल्या रेघेमुळे किंवा मोकळ्या जागेमुळे जुळत नाही. फाइल स्कॅन केलेली असेल तर शोध चालणारच नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. अशा वेळी गोळीचं मूळ नाव धरून वाचा, ब्रँड धरून नव्हे.

फक्त ताज्या महिन्याची यादी पुरत नाही. दुकानातून नमुना उचलणं, तपासणं, अहवाल आणि प्रसिद्धी यात महिने जातात. तुमच्या पट्टीच्या उत्पादनाच्या महिन्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या याद्या चाळा. पाच-सहा कायमच्या गोळ्या असलेल्या घरात हे महिन्यातून एकदा, नवीन औषधं आणल्याच्या दिवशी केलं तर अर्धा तास पुरतो.

यादीत दोन शब्द भेटतात आणि त्यांची गल्लत नको. 'नॉट ऑफ स्टँडर्ड क्वालिटी' म्हणजे चाचणीत कमी पडलेलं. 'स्पुरियस' म्हणजे बनावट, दुसऱ्याच्या नावाने तयार केलेलं. बनावट ठरलेल्या ओळीत ज्या कंपनीचं नाव छापलेलं असतं तिने तो माल बनवलेलाच नसतो. अशा वेळी प्रश्न कंपनीपेक्षा त्या दुकानापर्यंत माल कुठून आला याचा असतो. म्हणून बिल नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

नापास कशात झालं, ते आधी वाचा

लोक इथेच चुकतात. 'औषध नापास' एवढं वाचून सगळं एकाच तराजूत टाकलं जातं. खरं तर पुढे काय करायचं ते कारणाच्या रकान्यावरच ठरतं.

'ॲसे' म्हणजे गोळीत मूळ औषध किती भरलं. बऱ्याच गोळ्यांना लेबलवरच्या मात्रेच्या ९० ते ११० टक्के चालतं, काहींना ९५ ते १०५. त्याखाली गेलं की औषध कमजोर. विष नाही, पण फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी गोळी कमजोर निघणं हाही धोकाच.

'डिसोल्यूशन' म्हणजे विरघळणं. ३७ अंश तापमानाच्या द्रवात, साधारण ९०० मिलिलिटरमध्ये, गोळी ठरलेल्या मिनिटांत ठरलेल्या टक्क्यांपर्यंत विरघळली पाहिजे. नापास झाली म्हणजे औषध आत आहे, पण पोटात वेळेवर सुटत नाही. गोळी घेऊनही साखर किंवा बीपी उतरत नसेल तर हे एक कारण असू शकतं. डोस वाढवून मागण्याआधी बॅच तपासा.

'डिस्क्रिप्शन' म्हणजे रंगरूप: डाग, तडे, भुकटी, चिकटलेल्या गोळ्या. हे घरीही दिसतं. ॲस्पिरिनला आंबट व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ओल लागून फुटायला लागली आहे. टाकून द्या, यादीची वाट बघू नका.

'स्टेरिलिटी', 'बॅक्टेरियल एंडोटॉक्सिन', 'पार्टिक्युलेट मॅटर' हे शब्द इंजेक्शन, सलाईन आणि डोळ्यांच्या थेंबांपुढे येतात. अर्थ: जंतू, जंतूंचे विषारी अंश किंवा तरंगणारे कण. इथे थांबून विचार करायला जागा नाही. थेंब वापरणं तत्क्षणी बंद, आणि डोळा लाल असेल, दुखत असेल, चिकट स्राव येत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

'रिलेटेड सबस्टन्सेस' म्हणजे मूळ औषधाबरोबर आलेले किंवा साठवणीत तयार झालेले दुसरे पदार्थ. अशुद्धतेच्या बातम्या याच प्रकारातल्या. ही अशुद्धता येते कुठून, हे एका उदाहरणातून नीट कळतं.

जुलै २०१८ मध्ये बीपीची 'वाल्सार्टन' ही गोळी युरोप आणि अमेरिकेत परत बोलावली गेली. कच्चं औषध चीनच्या झेजियांग हुआहाई कंपनीचं होतं. कंपनीने २०१२ मध्ये बनवण्याची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत डायमिथिलफॉर्मामाइड हे द्रावक होतं आणि उरलेलं सोडियम अझाइड संपवायला सोडियम नायट्राइट. द्रावक थोडं फुटून त्यातून डायमिथिलअमाइन निघालं, नायट्राइटशी त्याचा संयोग झाला आणि एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा पदार्थ तयार झाला. गोळीची नेहमीची शुद्धता चाचणी तो शोधतच नव्हती, म्हणून माल वर्षानुवर्षं पास होत राहिला.

एनडीएमएची रोजची मान्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आहे. ही मर्यादा बराच काळ, रोज घेण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते. अमेरिकी औषध नियामक एफडीएने तेव्हा काढलेला अंदाज असा: ८,००० माणसांनी सर्वांत मोठा, ३२० मिलिग्रॅमचा डोस दूषित गोळ्यांतून चार वर्षं रोज घेतला, तर आयुष्यभरात कर्करोगाचा एक जास्तीचा रुग्ण. धोका खरा आहे, पण तो वर्षांच्या मोजणीचा आहे. बीपीची गोळी अचानक सोडल्याचा धोका दिवसांच्या मोजणीचा. म्हणूनच एफडीएने रुग्णांना सांगितलं होतं की बदली गोळी हातात येईपर्यंत आहे तीच घेत राहा.

ॲसिडिटीच्या रॅनिटिडिन या गोळीची गोष्ट वेगळी. तिथे एनडीएमए कारखान्यात मिसळलेलं नव्हतं, रॅनिटिडिनचा रेणूच काळ आणि उष्णता लागली की फुटून ते तयार करतो. म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बॅच न बघता सगळंच रॅनिटिडिन काढून घ्यायला सांगितलं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते सप्टेंबर २०२२ मध्ये वगळलं गेलं, पण दुकानात ते अजून मिळतं. घरात पडून असेल, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं, तर घेऊ नका. ॲसिडिटीला फॅमोटिडिनसारखे पर्याय आहेत. डॉक्टरांना विचारून बदला.

सिरप आणि मुलं

डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं असेल तर वरचा कुठलाही हिशेब लागू नाही. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. दोन्ही रंगहीन, दाट, गोडसर. डायएथिलीन ग्लायकॉलही तसंच, पण ते कारखान्यातलं रसायन आहे. औद्योगिक दर्जाचं स्वस्त पिंप आलं आणि ते न तपासता वापरलं की बाटलीत विष जातं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे एसआर-१३ मध्ये त्याच्या जवळपास ५०० पट होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. तेव्हाही चूक तीच होती.

अशा इशाऱ्यातली बाटली घरात असेल तर एक थेंबही पुढे देऊ नका. त्याच उत्पादकाची बाकीची सिरपंही चित्र स्पष्ट होईपर्यंत बाजूला ठेवा. इथे बॅचवर विसंबू नका, कारण तेच पिंप दुसऱ्या बॅचमध्ये गेलेलं असू शकतं.

मुलाने ते घेतलं असेल तर लघवीवर लक्ष ठेवा. उलट्या आणि पोटदुखी आधी दिसतात आणि त्या सर्दी-तापात खपून जातात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, मग थांबते, मूल सुस्त पडतं. लंगोट किंवा डायपर सहा-आठ तास कोरडा असेल, मूल मोठं असून दिवसभर लघवीला गेलं नसेल, तर सकाळची वाट न बघता निघा. जवळच्या दवाखान्याऐवजी मुलांचं डायलिसिस होतं अशा रुग्णालयात जा. बाटली, मापाचं झाकण आणि बिल सोबत न्या. पहिला डोस कधी, शेवटचा कधी, एका वेळी किती मिलिलिटर, हे कागदावर लिहून द्या. घरी उलटी करवू नका. बाटलीतलं औषध मोरीत ओतून टाकू नका, तपासणीला तेच लागणार आहे.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ ला स्पष्ट केलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा सुचवली जात नाहीत. मागच्या वेळी उरलेली बाटली पुन्हा काढणं तर कोणत्याच वयात नको.

थांबवायचं की चालू ठेवायचं

बाकी गोळ्यांबाबत ठोकताळा असा. फिट्सची औषधं, मेटोप्रोलोल-ॲटेनोलोलसारख्या हृदयाच्या गोळ्या, क्लोनिडिन, स्टेंट बसवल्यानंतरची क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन, इन्सुलिन, नैराश्य आणि मानसिक आजारांची औषधं, टीबीची औषधं: यांतलं काही अचानक बंद करायचं नाही. एक दिवस गोळी चुकून आलेली फिट किंवा बंद झालेला स्टेंट याला उतारा नसतो. त्याच दिवशी दुसऱ्या बॅचची किंवा दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मिळवा. ती हातात आली की जुनी बाजूला. मिळेपर्यंत काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

जीवनसत्त्वं, कॅल्शियम, ॲसिडिटीची, दुखण्याची, सर्दीची औषधं सरळ थांबवा. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट असेल तर तीच मात्रा दुसऱ्या बॅचमधून पूर्ण करा.

बदली गोळी घेताना तीन गोष्टी जुळवा: मूळ औषध, मात्रा आणि सुटण्याची पद्धत. तिसऱ्यात घोळ होतो. मेटोप्रोलोल सक्सिनेट एक्सएल (हळूहळू सुटणारी) दिवसातून एकदा घ्यायची, मेटोप्रोलोल टार्ट्रेट सहसा दोनदा. नाव अर्धं सारखं म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मेटफॉर्मिन एसआर आणि साधी मेटफॉर्मिन यांचंही तेच. थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. वॉरफरिनची बदलली तर आठवड्याभरात आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी. फिट्सच्या औषधाची कंपनी बदलताना डॉक्टरांना आधी कळवा.

मेडिकलमध्ये काय न्यायचं, काय मागायचं

पट्टी, बिल आणि यादीतल्या त्या ओळीचा फोटो. 'ही बॅच अलर्टमध्ये आहे, बदलून द्या किंवा पैसे परत करा' एवढंच म्हणा. ओळखीच्या दुकानात बहुतेक वेळा लगेच बदलून मिळतं, कारण दुकानदाराला ती घाऊक विक्रेत्याकडे परत करता येते. 'कंपनीचं पत्र अजून आलेलं नाही' असंही उत्तर मिळेल. ते खरंही असू शकतं. केंद्राच्या नियमावलीत सर्वांत धोकादायक वर्गासाठी २४ तासांत विक्री थांबवून जास्तीत जास्त ७२ तासांत माल परत घ्यायचा असतो, दुसऱ्या वर्गाला १० दिवस, तिसऱ्याला ३० दिवस. प्रत्यक्षात कागद उशिरा पोचतो. तुम्ही दाखवलेला फोटो दुकानदारासाठी पहिली सूचना ठरू शकतो, म्हणून वाद न घालता उरलेला साठा बघायला सांगा.

पट्टी देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या बिलावर लिहून सही घ्या. औषधाने त्रास झाला असेल तर मात्र सगळं परत देऊ नका. उरलेल्या गोळ्या किंवा बाटली मूळ खोक्यासह कोरड्या जागी जपून ठेवा. परत केली की पुरावा गेला. पैसे परत करायला सरळ नकार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तक्रार आणि तपासणी

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. लेखी तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे द्या, पोच घ्या. गोव्यात हे काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. तक्रारीत औषधाचं पूर्ण नाव, बॅच, दोन्ही तारखा, उत्पादक, दुकानाचं नाव, बिल क्रमांक आणि नेमकं काय दिसलं किंवा झालं ते लिहा. 'औषध खराब आहे' यापेक्षा 'दहापैकी तीन गोळ्या पट्टी फोडताच भुकटी झाल्या' हे वाचून औषध निरीक्षकाला दिशा मिळते.

शरीरावर दुष्परिणाम झाला असेल तर तो वेगळा नोंदवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधामुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क कुणालाही आहे. अर्ज नमुना १४-ए मध्ये करायचा, अहवाल १४-बी मध्ये मिळतो. हा हक्क फारसा वापरला जात नाही आणि वापरणारे एका चुकीने अडतात: दोन-तीन सुट्या गोळ्या घेऊन जातात. विरघळण्याच्या चाचणीला सहा गोळ्या लागतात, वजनाच्या चाचणीला वीस. म्हणून त्याच बॅचच्या न फोडलेल्या पट्ट्या, बिलासह न्या आणि किती लागतील ते आधी विचारा. अहवाल यायला वेळ लागतो, तोवर औषध दुसऱ्या बॅचचं सुरू ठेवा.

परदेशात असाल, किंवा आई-वडील तिकडे येणार असतील

अमेरिकेत फार्मसी गोळ्या नारिंगी बाटलीत काढून देते आणि त्या लेबलवर लॉट नंबर, म्हणजे तिकडचा बॅच क्रमांक, बहुधा नसतो. प्रिस्क्रिप्शन क्रमांक सांगून फार्मसीलाच विचारा. इशाऱ्यात माल कुठपर्यंत परत बोलावला तेही लिहिलेलं असतं. ग्राहकापर्यंत असेल तरच घरातली बाटली परत करायची, फक्त दुकानापर्यंत असेल तर तुम्हाला गोळ्या थांबवायला सांगितलेलं नसतं. ब्रिटनमध्ये एमएचआरए या औषध नियामकाचे परत बोलावण्याचे चार वर्ग आहेत: पहिला तत्काळ, दुसरा ४८ तासांत, तिसरा पाच दिवसांत, चौथा फक्त सावधगिरीचा.

भारतीय कंपनीची बॅच अमेरिकेत परत बोलावली अशी बातमी मराठी ग्रुपवर फिरते, तेव्हा ती अमेरिकी बाजारासाठी पॅक केलेल्या लॉटबद्दल असते. पुण्यातल्या पट्टीवर तो क्रमांक सापडणार नाही. तुमची बॅच सीडीएससीओच्या यादीतच शोधा.

सहा महिन्यांचा साठा घेऊन येणाऱ्या पालकांच्या सगळ्या गोळ्या एकाच बॅचच्या असतील आणि तीच परत बोलावली गेली, तर तिकडे बदलून मिळायला नवं प्रिस्क्रिप्शन आणि पदरचे डॉलर लागतात. निघण्याआधी प्रत्येक महत्त्वाची गोळी दोन वेगळ्या बॅचमधून निम्मी-निम्मी घ्या, पट्ट्या मूळ वेष्टनात ठेवा, आणि बॅचचे फोटो व बिलं इथे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा. यादी तो तपासेल आणि गरज पडली तर मेडिकलमध्येही तोच जाऊ शकेल.